कुत्र्याचा पहिलाच गड हरिहर? जरा दमानं घ्या

रानवाट
काल इथे एकाने नवशिक्यांना सल्ला दिला: 'कुत्र्याला घेऊन ट्रेक सुरू करायचाय? थेट हरिहर करा. लीश (कुत्रा धरायची दोरी) घरी ठेवा, पाणी वर टाक्यात मिळतं, खायला आपलाच सुकामेवा द्या.' चार सल्ले, चार चुका, आणि खाली वाहवा. म्हणून एवढं लांबण लावतोय.

नाशिककडच्या या हरिहर गडाच्या पायऱ्या उभ्या कातळात आहेत. माणूस खोबणीत बोटं अडकवून चढतो, कुत्रा कशात अडकवणार? चढताना एकवेळ उड्या मारत जाईल. उतरताना आपण कड्याकडे तोंड करतो, तो मात्र डोकं खाली घालूनच येणार, म्हणजे सगळा भार पुढच्या पायांवर. मध्येच घाबरून बसला तर २५ किलोचं धूड उचलायला दोन हात हवेत, आणि तुमचे दोन्ही खोबणीत. मागे लोकांची रांग.

सुरुवात सपाटीवर. कालव्याची कडा घ्या, सकाळी ३-४ किलोमीटर, दोन-तीन आठवडे. हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्टा, आधी आठवडाभर घरात घालून बघा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि काखेत कातडी लाल दिसली तर माप चुकलंय. पाठीवर धरायला मूठ असलेलाच घ्या. लीश साधी, दीड मीटरची. आपोआप गुंडाळणारी नको, तिची बारीक दोरी झुडपात गुंतते आणि हाताला कापते. मग आशेवाडीतून रामशेज गड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि दहाच्या आत खाली. लॅब, शेफर्डसारखी मोठी जात दीड वर्षाची होईपर्यंत मोठ्या चढाला नेऊ नका, हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात. पगला चपट्या नाकामुळे धाप लागते, तेव्हा पगवाल्यांनी गंगापूर धरणाच्या काठी बसून भजी खावीत.

गडवेडा_नाशिक
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाज वाटली का? सह्याद्रीतल्या गडांवर पायथ्याची गावठी कुत्री माथ्यापर्यंत सोबत येतात. ना हार्नेस, ना मूठ, ना तुमचं टाइमटेबल.

रानवाट
ती तिथेच वाढलेली असतात. वजनाला हलकी, नखं दगडावर घासलेली, तळवे कातळासारखे. सोफ्यावर वाढलेला ३५ किलोचा लॅब त्यांच्याशी कसा जुळवता? त्याचे तळवे एका उतारात सोलतात.

गोदाकाठ
गडावरच्या टाक्यात कुत्र्याला तोंड घालू देणाऱ्यांचं काय करायचं ते आधी सांगा. तेच पाणी माणसं पितात. २० किलोच्या कुत्र्याला घरी लोळतानाही दिवसाला लिटरभर लागतं. चढाला दोन लिटर धरा आणि ते स्वतःच्या पाठीवर वाहा. दर १५-२० मिनिटांनी वाटीत थोडं थोडं द्यायचं, वर पोचल्यावर एकदम नाही. साचलेल्या डबक्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस रोगाचे) जंतू असू शकतात. लस दिली म्हणून डबकं शुद्ध होत नाही.

टॉमीची_आई
सगळे हरिहरवर भांडताय, पण सुकामेव्यात मनुका असतात त्याचं काय? द्राक्ष, मनुका, बेदाणे, कुत्र्याला सगळंच विष. आधी उलट्या, मग दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद. किती खाल्लं तर चालतं याला माप नाही. एखाद्याला ओंजळभर पचतं, एखाद्याला मूठभर भोवतं. खाल्लं की लगेच डॉक्टर गाठा, पहिल्या दोन तासांत उलटी करवता येते. घरी मीठपाणी पाजू नका, त्याचीच बाधा होते.

दिंडोरी_बागायतदार
ताई, द्राक्षाच्या गावात राहून द्राक्ष विष? आमच्याकडची कुत्री बागेत पडलेले घड खातात.

टॉमीची_आई
खातात, आणि मेली तर 'काहीतरी चावलं' म्हणून पुरतात. संशय टार्टरिक आम्लावर आहे. ते कच्च्या घडात जास्त असतं, चिंचेतही असतं. म्हणून ट्रेकमध्ये चघळायच्या चिंचेच्या गोळ्यासुद्धा लांब ठेवा.

गडवेडा_नाशिक
म्हणजे कोल्हा द्राक्षं आंबट म्हणून निघून गेला ते बरंच झालं म्हणायचं.

दिंडोरी_बागायतदार
कोल्ह्याचं सोडा, तुमच्या कुत्र्यांचं बोला. रविवारी गाड्या बांधाला लावायच्या, कुत्री मोकळी सोडायची, ती थेट बागेत. ठिबकच्या नळ्या चावतात. एक नळी फुटली की पुढच्या वेलींना पाणी नाही, आणि ते आम्हाला कळतं पानं मलूल झाल्यावर. वर 'काका, तो काही करत नाही हो!'

आणि एक ऐका. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला, म्हणजे कोंब यायला, काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. आम्ही हातमोजे घालून लावतो. नंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि बाकीच्या फवारण्या चालूच. ओल्या गवतातून कुत्रा गेला की पंजे चाटणार, म्हणजे औषध पोटात. मग फोन आम्हाला, 'काय फवारलं होतं?'

गोदाकाठ
फवारणीची पाटी तरी लावा मग.

दिंडोरी_बागायतदार
माझ्या बागेत पाटी मी तुमच्या कुत्र्यासाठी लावू? त्याला वाचता येतं का?

टॉमीची_आई
काकांचं बरोबर आहे, सांगायची पद्धत सोडून. बागेजवळून गेलात तर गाडीत बसवण्याआधी चारही पंजे साध्या पाण्याने धुवा, पोटाखालचे केसही. औषधाचं नाव विचारून घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

कुसळ_काढणारा
धागा द्राक्षात अडकला. पावसाळ्यानंतर वाळल्या गवतात खरा त्रास कुसळांचा. टोकाला उलटे काटे असतात, आत शिरलं की पुढेच सरकतं, आणि ओल लागली की पीळ सुटून स्क्रूसारखं फिरतं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या एकेक फाकवून बघा, मग काखा, कान. बेचकीतले केस आधीच कापलेले बरे. सतत शिंकतोय किंवा एका बाजूला डोकं झटकतोय तर नाकात-कानात गेलंय. चिमटा घालू नका, डॉक्टर. गोचीड त्याच वेळी काढायचे, कातडीलगत धरून सरळ ओढून.

उन्हाचंही कोणी बोललं नाही. तळहाताची पाठ कातळावर ७ सेकंद टिकत नसेल तर त्याचे तळवेही टिकत नाहीत. लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल डुलतेय, की ट्रेक संपला. सावली, पोटावर-जांघेत पाणी, वारा. ओला टॉवेल पांघरू नका, खाली उष्णता कोंडते.

रानवाट
आणि बिबट्या? ऊसपट्ट्यात कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. उजाडल्यावर निघा, अंधाराआधी गाडीत. पुढे पळणारं मोकळं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट.

गडवेडा_नाशिक
बरं बाबांनो. सुकामेवा काढला, तिथे उकडलेलं अंडं लिहिलं. टाक्याचंही खोडलं. हरिहर 'अनुभवी कुत्र्यांसाठी' केलंय.

रानवाट
कुत्रा कितीही अनुभवी झाला तरी बोटं येत नाहीत. आणि लीश?

गडवेडा_नाशिक
लीश टाकली. बिबट्यासाठी. तुमच्यासाठी नाही.

दिंडोरी_बागायतदार
आणि नळीसाठी.