आईसाठी पुस्तक हवंय: खून नको, रडारड नको

केळफूल:
आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, अजून महिनाभर घरातच. वय 71. वपु, पुलं पाठ आहेत. एक रहस्यकथा आणून दिली तर म्हणाली, "आधीच ठणकतंय, त्यात मुडदे कशाला?" साध्या माणसांच्या, वाचून बरं वाटेल अशा गोष्टी सुचवा. मराठीतच हव्यात. सुविचारांचा डोस देणारी पुस्तकं नकोत, ती भेट म्हणून आलेली ढीगभर पडलीयेत.

पानसुपारी:
आर. के. नारायण. डोळे झाकून. मालगुडी या त्यांच्या काल्पनिक गावाच्या इंग्रजी गोष्टींची मराठी भाषांतरं मिळतात. शंकर नाग यांची दूरदर्शनवरची मालिका आईंनी पाहिलीच असेल. त्यातली चित्रं नारायण यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे आपल्या 'कॉमन मॅन'वाल्या लक्ष्मण यांची.

खडीसाखर:
'डोळे झाकून' नको हो. मालिकेमुळे सगळ्यांना वाटतं की मालगुडी म्हणजे नुसता गोडवा. 'लीलाज फ्रेंड'मध्ये गड्यावर साखळी चोरल्याचा आळ येतो आणि साखळी शेवटी घरातच सापडते. मी दोन दिवस अस्वस्थ होते. 'फॉर्टी-फाइव्ह अ मंथ'मधला बाप लेकीला सिनेमाला नेईन म्हणतो आणि ऑफिसातून सुटतच नाही. 'द इंग्लिश टीचर' तर आत्ता अजिबात देऊ नका. पहिला निम्मा भाग नवराबायकोच्या संसाराचा, इतका लोभस की पुढे काय वाढून ठेवलंय याची शंकाही येत नाही. बायको टायफॉइडने जाते. नारायण यांची पत्नी 1939 मध्ये तशीच गेली होती.

सुरुवात 'द मिसिंग मेल'ने करा. थनप्पा नावाचा पोस्टमन. पत्रं टाकून पुढे जाणारा नव्हे, दारात बसून घरोघरची सुखदुःखं ऐकणारा. रामानुजम यांच्या मुलीचं लग्न जमायला तोही धडपडतो. मुहूर्त 20 मेचा, तो टळला तर स्थळ हातचं जाणार. आणि नेमकं तेव्हाच रामानुजमच्या काकांच्या आजारपणाचं कार्ड येतं, मागोमाग तार. थनप्पा दोन्ही दाबून ठेवतो. लग्न उरकल्यावर स्वतःच आणून देतो आणि म्हणतो, हवी तर तक्रार करा. सगळे एकमेकांना धरून राहतात, पण फुकटात नाही. कुणीतरी त्याची किंमत मोजायला तयार असतो. मला नारायण आवडतात ते यासाठी.

केळफूल:
अहो, आई पोस्टातूनच निवृत्त झालीय! हे काय सुचवलंत 😄

खडीसाखर:
मग तर हीच द्या.

उंबरठा:
'अ हॉर्स अँड टू गोट्स' पण. गावाबाहेर मातीचा मोठा घोडा, त्याच्या पायथ्याशी शेळ्या राखत बसलेला मुनी. तिथे एका अमेरिकन साहेबाची गाडी येऊन थांबते. हा तमिळमध्ये बोलतोय, तो इंग्रजीत. साहेब पैसे देतो घोड्याचे, म्हाताऱ्याला वाटतं शेळ्या विकल्या. आमच्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली होती, हसून ठसका लागला. (गुडघ्याला हसून काही होत नाही ना?)

पाटपाणी:
प्रकाश नारायण संत राहिलेच की! लंपन! आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा आणि त्याची ती बेळगावकडची, कानडी हेल असलेली भाषा. ही चव भाषांतरात येणारच नाही. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर, याच क्रमाने वाचा. आमच्या घरी अजून कुणीही लंपनचं 'मॅडसारखं' म्हणतं.

पानसुपारी:
+१. 'डोळे झाकून' मागे घेतो. 'स्वामी अँड फ्रेंड्स' मात्र बिनधास्त द्या. 1935 ची पहिली कादंबरी. परीक्षा, क्रिकेटचा संघ आणि शाळेची भीती, यातलं काही शिळं झालेलं नाही.

केळफूल:
(आठवड्यानंतर) वाचनालयातून मालगुडीच्या कथा आणि 'वनवास' आणलं. पोस्टमनची गोष्ट आईने आधी वाचली. चष्मा काढून म्हणाली, "तार दाबून ठेवली! माझ्या हाताखाली असता तर मेमोच दिला असता." मी गप्प. चहा झाल्यावर स्वतःशीच, "पोरीचं लग्न पार पडलं पण." आता लंपन चालू आहे, जेवायला हाक मारली तर "पान संपू दे" म्हणते.