मादी इग्वाना अंडी घालण्याच्या बेतात आहे: घरी काय तयारी करावी?

प्रश्न: घोडबंदरची_हिरवाई (ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही कासारवडवलीला राहतो आणि आमच्याकडे पूर्ण वाढ झालेली हिरवी इग्वाना (सरड्यासारखा मोठा सरपटणारा प्राणी) आहे. तिच्यासोबत नर कधीच नव्हता. तरीही थंडी सुरू झाल्यापासून तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगत गेले असून हात फिरवला की कातडीखाली गोल गाठी जाणवतात. तिने खाणे जवळजवळ सोडले आहे. दिवसभर ती बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत चढून पुढच्या पायांनी माती उकरते, नखे मातीने भरली की थांबते, मान उंच करून इकडेतिकडे पाहते आणि पुन्हा उकरू लागते. नर नसताना ही अंडीच असतील का, तिला जागा कशी करून द्यावी आणि डॉक्टरांकडे नेमके केव्हा न्यावे, हे कृपया सांगावे.

उत्तर: ऐरोली_खाडीकाठ (नवी मुंबई)

नमस्कार. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच वयात आलेली मादी इग्वानाही नराशिवाय अंडी धरते, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र पोट चाचपणे आजपासूनच बंद करा, कारण दाब पडून अंडे आत फुटले तर बलक पोटात पसरतो आणि त्यातून येणारी सूज जिवावर बेतू शकते. खात्री एक्स-रे आणि सोनोग्राफीनेच करून घ्यावी.

जागेचे म्हणाल, तर कुंडी तिला पुरणार नाही. तिला संपूर्ण शरीर आत नेऊन वळता येईल एवढी खोल, झाकणाची प्लॅस्टिकची पेटी घ्या, एका टोकाला तिच्या अंगाला लागणार नाही असे गुळगुळीत कडांचे भोक पाडा आणि आत किमान एक फूट माती भरा. साधी तांबडी माती आणि धुतलेली वाळू एकत्र करून ती इतकीच भिजवावी की मूठ आवळली असता गोळा टिकेल, पण पाणी ठिबकणार नाही. कोरड्या मातीत बोगदा ढासळतो आणि मादी कंटाळून उकरणे सोडून देते. नर्सरीतल्या तयार मातीत बऱ्याचदा खत आणि निंबोळी पेंड मिसळलेली असते, म्हणून ती टाळा. आतले तापमान २९ ते ३० अंशांच्या आसपास राहावे. जानेवारीत घोडबंदरच्या बाजूला रात्री चांगलाच गारवा असतो, तेव्हा पेटी बाल्कनीत न ठेवता घरातल्या निवांत कोपऱ्यात ठेवा. तिथे कोणी सारखे डोकावू नये. आपल्यावर कोणाची नजर आहे असे वाटले, तर ती अंडी रोखून धरू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. या काळात खाणे सुटणे स्वाभाविक आहे, पण मादी सावध, हालती आणि पाणी पिणारी असली पाहिजे. ती मरगळली, डोके उचलेनाशी झाली, बोटे किंवा पाय थरथरू लागले, किंवा जोर लावूनही काही बाहेर येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. अंडी अडली असण्याची किंवा रक्तातले कॅल्शियम घसरले असण्याची ती लक्षणे आहेत. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य आजच फोन करून शोधून ठेवा. अंडी सुटण्याचे इंजेक्शन एक्स-रे काढल्याशिवाय देऊ देऊ नका, कारण वाट अडलेली असताना त्याने अपाय होतो.

उत्तर: नेरूळ_पानफूल

वरील सल्ल्याला आहाराची जोड देते. अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम मादीच्याच शरीरातून जाते, म्हणून ती जे दोन घास खाईल ते कामाचे असावेत. शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची पाने-फुले आणि किसलेला तांबडा भोपळा द्यावा, आणि त्यावर पशुवैद्यांनी सांगितलेली कॅल्शियमची पूड भुरभुरावी. पालक मात्र नको, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. ताकद यावी म्हणून काही जण उकडलेले अंडे किंवा कुत्र्याचे खाद्य भरवतात. हा प्राणी शाकाहारी आहे आणि अशा खाण्याने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. आणखी एक गोष्ट, ताई: बंद काचेच्या खिडकीतून येणारे ऊन उजेड देते, परंतु कॅल्शियम शोषायला लागणारे अतिनील बी (यूव्हीबी) किरण काच अडवते. थेट ऊन किंवा यूव्हीबी दिवा नसेल, तर दिलेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

प्रश्नकर्ती: घोडबंदरची_हिरवाई

दोघांचेही मनापासून आभार. पेटी आजच तयार करते आणि एक्स-रेची वेळही घेते. अंडी आली, तर पुढे त्यांचे काय करायचे?

उत्तर: ऐरोली_खाडीकाठ

नर नव्हता, त्यामुळे ती उबवण्याचा प्रश्नच नाही. ती बाहेर आली की काढून टाका. अंडी सहसा काही तासांत सलग येतात. एक्स-रेमध्ये मोजलेल्या संख्येपेक्षा कमी आली आणि दुसऱ्या दिवशीही मादी जोर लावताना दिसली, तर पुन्हा तपासणी करा. अंडी घालून झाल्यावर तिच्या कुशी खोल जातील आणि कमरेची हाडे दिसू लागतील. कोमट पाण्यात बसवा, भरपूर पाणी द्या, मग हळूहळू पाला सुरू करा. पुढच्या हंगामात हेच पुन्हा होईल, तेव्हा ती सावरल्यावर अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी पशुवैद्यांशी बोला.

जाता जाता एक विचारतो: तिची नोंदणी झाली आहे ना? हिरवी इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नसेल, तर कागदपत्रे याच आठवड्यात पाहा.