मदत हवी आहे: 'ली-कुन'चा 'शाओरान-कुन' होतो, ते मराठीत कसं आणू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे जपानी शिकलेले काही जण आहेत म्हणून टाकतेय.

सुट्टीत भाची राहायला आलीय, वय वर्षं १०. रात्रीची जेवणं झाली की ती, मी आणि माझी आई 'कार्डकॅप्टर साकुरा' बघतो. १९९८ ते २००० मधली जपानी कार्टून मालिका, ७० भाग. आवाज जपानीच ठेवलाय. इंग्रजी सबटायटल्स आईला झेपत नाहीत, म्हणून मी आदल्या रात्री बसून मराठी ओळी लिहिते. पन्नासच्या वर भाग असे निभावले, आता लिफ्टच्या भागात अडकलेय.

न पाहिलेल्यांसाठी: साकुरा शाळकरी मुलगी, जादूचे पत्ते गोळा करणारी. शाओरान हाँगकाँगहून तिच्या वर्गात आलेला. आधी पत्त्यांवरून तिच्यावर खार खाऊन असायचा, आता ती समोर आली की कानापर्यंत लाल होतो. या भागात दोघं टेडी बेअरच्या प्रदर्शनात भेटतात आणि लिफ्टमध्ये अडकतात. तिच्या पायाखालचा तळ निखळतो, ती खाली जाते आणि तो जिवाच्या आकांताने ओरडतो, "साकुरा!" आयुष्यात पहिल्यांदा. ती पत्ता वापरून तरंगत वर येते. मग म्हणते, तू मला नावाने हाक मारलीस, मीही तुला शाओरान-कुन म्हणू का?

तोवर ती त्याला 'ली-कुन' म्हणत असते, म्हणजे आडनावाने ('कुन' हे जपानीत मुलांच्या नावामागे लावतात). तो तर 'ओमाए' म्हणजे 'ए, तू' वरच भागवतो. मी 'ली' तसंच ठेवलं, तर आई म्हणाली, "चांगली गट्टी दिसतेय. आमच्या वर्गातही मैत्री असली की आडनावानेच हाक." झालं! तिकडे आडनाव म्हणजे अंतर, आपल्याकडे 'ए जोशी' म्हणजे खांद्यावर हात. पुढच्या प्रसंगाची सगळी हवाच गेली.

दुसरं, साकुराचं ते पालुपद, 'झेत्ताई दाइज्योबु'. शब्दशः 'नक्की सगळं ठीक आहे', पण मराठीत डॉक्टर रिपोर्ट वाचतोय असं वाटतं.

शेवट कुणी फोडू नका, भाची इथेच बसून वाचतेय.

*

प्रतिसाद: आधी 'तुम्ही' आणि नंतर 'तू' करा की. सोपं आहे.

धागाकर्ती: पाचवीतली पोरं एकमेकांना अहोजाहो? आई हसून सोफ्यावरून पडेल.

प्रतिसाद: आडनावाला हात लावू नका, कान ऐकतच असतात. खरी गोम त्याच्या ओळींत आहे. आपण मराठीत संबोधन सहज घालतो, 'साकुरा, मागे बघ!' वगैरे. तुमच्या जुन्या फाइली तपासा. त्याच्या तोंडी हे नाव आधीच पडलं असेल, तर लिफ्टमध्ये काय डोंबल परिणाम होणार? त्याचा नुसता 'ए', 'अगं', 'बाजूला हो' राहू दे. आणि त्याला 'शाओरान' कोण म्हणतं ते बघा: मेइलिंग, म्हणजे घरातलं माणूस. साकुरा त्या उंबरठ्याच्या आत येऊ का असं विचारतेय.

धागाकर्ती: तपासल्या. चार ठिकाणी माझ्याच हाताने 'साकुरा' घातलंय. कपाळ! चारही काढले. पण ते भाग बघून झालेत, आईच्या नजरेखालून नाव गेलंय.

प्रतिसाद: मी म्हणेन 'तू माझं नाव घेतलंस' लिहा. नाव घेण्याचं वजन आपल्या आजी-आईंना सांगायला लागत नाही.

प्रतिसाद: नको हो! 'नाव घे' म्हटलं की चांदीच्या ताटापासून उखाणा सुरू. पोरं दहा-अकरा वर्षांची आहेत. हाकच राहू दे.

प्रतिसाद: वरच्या दोघांना मध्ये तोडून एक सांगते. तिसऱ्या पर्वात ती पत्ते बदलते तेव्हा काय म्हणते? क्लोने घडवलेल्या पत्त्या, जुनं रूप टाक, नव्या धनिणीच्या, साकुराच्या नावाने पुन्हा जन्म घे. क्लो रीडची, म्हणजे पत्ते घडवणाऱ्या जादूगाराची, उधार जादू संपली, आता तिला स्वतःच्या ताऱ्याच्या बळावर चालवायचंय, म्हणूनच पत्ता बदलला की पोर दमून पेंगते. खाली पडताना ती तरंगण्याचा पत्ता असाच बदलून घेते. म्हणजे वर तो तिचं नाव ओरडतोय, खाली ती स्वतःच्याच नावाने तो पत्ता आपला करतेय. मंत्रात 'नावाने' आणि नंतर 'नावाने हाक', दोन्हीकडे तोच शब्द ठेवा.

'झेत्ताई'साठी आमच्या आईचं एक होतं. गुडघा फुटला, पेपर अवघड गेला, वीज गेली, सगळ्याला एकच: 'काही होत नाही.' दुसऱ्याला म्हणता येतं, स्वतःलाही. फक्त प्रत्येक वेळी अगदी तेच लिहा, शोभेसाठी बदलू नका.

धागाकर्ती: 'काही होत नाही' घेतलं! मंत्रातलं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी 'साकुराच्या आज्ञेने' लिहीत होते. आज बदलते.

*

धागाकर्ती (दोन दिवसांनी): काल रात्री पाहिला. तळ निखळला तेव्हा भाची उशीमागे. तो ओरडला त्या ठिकाणी मी पडद्यावर काहीच लिहिलं नाही, नुसता आवाज जाऊ दिला. आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या आणि म्हणाली, "मारली बाई हाक एकदाची." म्हणजे चार चुका तिच्या लक्षातच आल्या नव्हत्या, किंवा तिने पोटात घातल्या.

आता भाचीला हाताने टेडी शिवायचाय. कुणासाठी ते सांगत नाहीये. केसाळ कापड अर्धा मीटर सुटं कुठे मिळेल, त्याचा वेगळा धागा काढते.