रस्ता सोडून कुठं वळलात? ओपन वर्ल्ड गेममधल्या भटकंतीचे अनुभव

वडगाव, बेळगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा भाच्याच्या हातात पहिल्यांदाच स्कायरिम हा गेम दिला. सुरुवातीचा ड्रॅगन, पळापळ, गुहा हे सगळं आटपून तो उघड्यावर आला. सोबतच्या माणसानं समोरच्या डोंगरावरची पडकी वास्तू दाखवली, ब्लीक फॉल्स बॅरो, आणि तो गावाच्या वाटेला लागला. आमचा पठ्ठ्या मात्र सरळ नदीकडं उतरला. "अरे, मिशन तिकडं आहे की," मी म्हटलं. "असू दे मामा, पण हिकडं काय आहे?"

तेवढ्यावर मी गप्प बसलो. 11 नोव्हेंबर 2011 ला आलेला हा गेम मी 2013 मध्ये खेळलो, तेव्हा माझाही पहिला तास त्याच नदीकाठी गेला होता. पुढं कितीतरी दिवस मी त्या मोठ्या डोंगराकडं बघत फिरायचो, ज्याच्या खांद्यावर हाय ह्रोथगरचा मठ आहे. सात हजार पायऱ्या म्हणतात. मोजल्या तर तेवढ्या भरत नाहीत, पण चढताना वाऱ्याचा आवाज बदलत जातो आणि पायऱ्या कमी पडल्यासारखं कधी वाटत नाही.

आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड दिसायचा. पाचवीपर्यंत तो मला भिंतीवरच्या चित्रासारखा वाटे. सहावीत सायकल मिळाली आणि एका रविवारी आम्ही तिघं तिथं जाऊन पोचलो, तेव्हा कळलं की जे दिसतं तिथं जाता येतं. चांगल्या ओपन वर्ल्ड आरपीजीत, म्हणजे मोकळं कुठंही फिरता येईल आणि आपलं पात्र घडवत नेता येईल अशा गेममध्ये, मला तेच पाहिजे असतं. लांबून काहीतरी दिसावं, पायानं तिथं पोचता यावं, आणि पोचल्यावर कळावं की माझ्या आधी कुणीतरी या जागेचा जीव लावून विचार केलाय.

तुम्ही पहिल्यांदा रस्ता कुठं सोडलात आणि कशामुळं? खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, जिथून असाल तिथून लिहा. गेम, जागा आणि तिथं काय मिळालं ते सांगा. कथानकातलं महत्त्वाचं मात्र फोडू नका.


जांबोटी, ता. खानापूर

माझा गेम मॉरोविंड. 2009 साली काकांनी हुबळीहून एका ऑफिसातला निघालेला पीसी आणून दिला. त्यावर नवं काही चालायचं नाही. मॉरोविंड 2002 चा, तो चालला.

त्यात नकाशावर बाण नाही, कुठं जायचं त्याचा ठिपका नाही. माणसाला विचारायचं आणि तो तोंडी सांगतो. गावाबाहेर पड, पूल ओलांडला की डावी वाट धर, नदी सोडू नको. हे सगळं गेममधल्या डायरीत नोंदलं जातं, पण दिवसावार जातं. दहा कामांचं एकाखाली एक. नंतर शोधताना जीव जातो. म्हणून मी शंभर पानी वही केली. डाव्या पानावर सांगितलेला रस्ता, उजव्या पानावर मला प्रत्यक्षात सापडलेला. दोन्ही पानं जुळायचीच असं नाही.

मला ते अवघड कधी वाटलं नाही, कारण आमच्याकडं पावणा वाट विचारायचा तेव्हा आजी अशीच सांगायची. "ओढा लागला की थांब, वरल्या अंगाला फणस दिसंल, त्याच्या बुडातनं वाट फुटत्या." किलोमीटर तिच्या तोंडी कधी आलं नाही. ऐकणाऱ्याला डोळे उघडे ठेवूनच जावं लागे. ठिपक्यामागं चालताना मी ठिपका बघतो, आजीनं सांगितल्यावर फणस बघतो. मॉरोविंडमध्ये मी तीनशे तास फणस बघत फिरलो.

एक प्रसंग सांगतोच. सेडा नीन हे पहिलं गाव. तिथून बाहेर पडून थोडं पुढं गेलो तर वरून किंकाळी, आणि आभाळातून एक माणूस धप्पकन समोर पडून मेला. त्याच्या अंगावर एक डायरी आणि मंत्राच्या तीन गुंडाळ्या. उडण्याचा मंत्र त्यानंच शोधलेला. मी एक वाचली आणि उडी मारली. गाव, दलदल, डोंगर, सगळं खालून सरकत गेलं. कुठं पडलो ते कळायच्या आधीच मेलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना डोक्यात लख्ख पडलं. खाली येता येता दुसरी गुंडाळी वाचायची! तसं केलं आणि जिवंत उतरलो. कुणी शिकवलं नव्हतं. पडलेल्या त्या माणसाकडून शिकलो.


निपाणी

मी लग्न होऊन कागलहून इकडं आले. अंतर किती, तर एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाचं. पण स्टँडवर उतरले आणि बसच्या कन्नड पाट्या वाचता येईनात. आकडे कळायचे, अक्षरं नाहीत. शिकलेली बाई मी, आणि प्रत्येक बसच्या दारात उभं राहून "दादा, ही कुठं जाते?" विचारायचे. त्या दिवसांत आत काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

माझा दीर गेम खेळायचा. दुपारी कुणी नसताना मीही बसू लागले. त्याच्याकडं किंगडम कम डिलिव्हरन्स होता, फेब्रुवारी 2018 मध्ये आलेला, चेक लोकांनी केलेला. 1403 सालचं बोहेमिया. जादू नाही, राक्षस नाहीत. नायक हेन्री म्हणजे लोहाराचा पोर, आणि त्याला वाचता येत नाही. मी पुस्तक उघडलं तर अक्षरं सगळी उलटीपालटी. मला वाटलं गेम बिघडला. दीर म्हणाला, "वहिनी, गेम नाही बिघडला, त्याला अजून येत नाही. उझित्झ गावात एक लेखनिक आहे, त्याच्याकडं जा, तो शिकवतो."

मी गेले. मुख्य काम सोडून, घोडा नसताना, शेताच्या बांधानं चालत गेले. शिकून आल्यावर पुस्तक उघडलं तर काही शब्द जागेवर बसलेले, काही अजून विस्कटलेले. जसजसं वाचत गेले तसतशी पानं साफ होत गेली. मला रडूच आलं.

तेव्हा मुलगी दुसरीत होती, शाळेत कन्नड शिकत होती. तिच्याच पाटीवर मी सुरुवात केली. ‘ग’ म्हणजे उलटा ठेवलेला नाल, वर तुरा. ‘र’ म्हणजे गोल लाडू, वर तसाच तुरा. दोन महिन्यांनी स्टँडवर समोरून बस आली, पाटीवर पहिला तोच नाल. पुढची अक्षरं बस थांबेपर्यंत लावली. गोकाक! कुणाला न विचारता.

तर मला विचाराल तर जग मोठं असून भागत नाही. त्या जगात आपल्याला काय येत नाही हे जाणवलं पाहिजे, आणि ते शिकल्यावर पूर्वी बघितलेलीच जागा वेगळी दिसली पाहिजे.


चिकोडी

वहिनी, तुमचं वाचून मी तासभर काही लिहू शकले नाही.

माझं छोटंसं आहे. पीसी नव्हता, आईचा फोन होता. गेन्शिन इम्पॅक्ट 28 सप्टेंबर 2020 ला आला, फुकट होता, कॉलेज बंद होतं. डाउनलोडला दोन रात्री लागल्या. त्यातला ड्रॅगनस्पाइनचा बर्फाळ डोंगर मला सर्वांत आवडतो. थंडी अंगात भरत जाते, तिची पट्टी वाढताना दिसते आणि जीव वाचवायला पुढची शेकोटी गाठावी लागते. त्यामुळं उगाच पळत सुटता येत नाही. आधी लांबची ज्योत शोधायची, मग पाऊल टाकायचं. आमच्या चिकोडीच्या उन्हात, पंखा बंद असताना, मी त्या थंडीला खरोखर घाबरायचे.


संकेश्वर

सगळे कौतुक करताहेत, मला एक तक्रार मांडायची आहे. विचर 3 माझा सर्वांत लाडका गेम, म्हणूनच मांडतो. त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रावर नकाशा उघडा, प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. होडी घेऊन जायचं, पाण्यावर तरंगणारी पिंपं, वर घिरट्या घालणाऱ्या सायरन (पंखवाल्या राक्षसिणी), आतला माल घ्यायचा, पुढचं प्रश्नचिन्ह. विसाव्या पिंपानंतर मी फिरत नव्हतो, हजेरी लावत होतो. तंबाखूच्या वखारीत पोती मोजल्यासारखं.

मग नकाशावरची ती चिन्हं मी बंद करून टाकली. तशी सोय गेममध्ये आहे. आणि त्याच गेममधला वेलेन नावाचा मुलूख माझ्यापुढं उघडला. वारा सुटला की झाडं मुळापासून हलल्यासारखी वाकतात, ढग उतरतात, आणि वळणावर एकदम ते फाशीचं झाड समोर येतं, फांद्यांना माणसं लटकलेली. तिथं काही मिळवायचं नव्हतं. तरी मी घोडा थांबवून उभा राहिलो. लढाईनं त्या मुलखाचं काय केलंय ते एकाही संवादाशिवाय कळलं.

नुसत्या आकाराचं मला काही वाटत नाही. 1996 चा डॅगरफॉल हा गेम ग्रेट ब्रिटनएवढा म्हणून गाजला, पण बहुतेक मुलूख हातानं न घडवता संगणकाच्या गणितानं पाडलेला. एक गाव बघितलं की पुढच्या शंभर गावांचा अंदाज येतो. त्यापेक्षा वेलेनमधली एक वाडी बरी.


शहापूर, बेळगाव (सध्या पुणे)

मी गेमसाठी डोंगर-दगड बनवण्याचंच काम करतो, म्हणून जरा आतलं लिहितो.

निन्टेंडोचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम मार्च 2017 मध्ये आला. त्याच वर्षी जपानमधल्या सेडेक या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत निन्टेंडोच्या लोकांनी सांगितलं की त्यांनी जमीन त्रिकोणांनी बांधली. डोंगर लांबून त्रिकोणी दिसतो. चढून जा नाहीतर वळसा घालून जा, निवड तुमची. आणि मागं जे आहे ते डोंगर झाकतो. तुम्ही वळसा घालू लागलात की ते हळूहळू बाहेर येतं. आधी मनोऱ्याचं टोक, मग भिंत, मग धूर. मोठे त्रिकोण खुणेसाठी, मधले आडोशासाठी, बारके चालण्याला ताल देण्यासाठी. अंतरांचंही तसंच. दिग्दर्शक फुजिबायाशी क्योतोचे, म्हणून त्यांनी क्योतोचा नकाशा गेमच्या नकाशावर ठेवून पाहिला, म्हणजे ओळखीच्या दोन ठिकाणांमध्ये चालायला किती वेळ लागतो ते अंगाला आधीच माहीत असतं.

हे वाचलं आणि मला आमची गल्ली आठवली. दिवाळीचा किल्ला! पोती, दगड, लाल चिखल, वर मोहरी पेरलेली. आमच्यातला मोठा दादा एक गोष्ट कधी करू द्यायचा नाही, सगळं समोर मांडायला. गुहा नेहमी बुरुजाच्या मागं. "काका बघायला आले की त्यांना वाकून बाजूला जायला लागलं पाहिजे," म्हणायचा. काका वाकायचे, गुहेतली पणती दिसायची, आणि त्यांच्या तोंडावर जो भाव यायचा त्यासाठी आम्ही आठ दिवस चिखलात असायचो. आज मी दगड ठेवताना अजून त्या काकांचाच विचार करतो. माणूस कुठून येईल, कुठं वाकेल, तेव्हा त्याला पहिलं काय दिसेल.

क्योतोचं वाचल्यावर एकदा मीही बेळगावचा नकाशा आमच्या कामाच्या नकाशावर ठेवून बघितला. शहापूरच्या घरापासून किल्ल्यातल्या कमल बस्तीपर्यंत. लहानपणी आजोबांचं बोट धरून चाललेलं अंतर. आमच्या गेममध्ये तेवढ्यात चार गावं बसवली होती. दोन काढायला लावली.


गोकाक

माझा गेम एल्डन रिंग, फेब्रुवारी 2022 चा. मिस्टवूडच्या झाडीत एक दगडी घुमटी आहे, आत लिफ्ट. उभा राहिलो, खाली जाऊ लागली. जाते, जाते, थांबतच नाही. मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. दार उघडलं तर जमिनीच्या पोटात नदी, आणि वर चांदण्या. सिओफ्रा नदी. तोवर मला वाटत होतं की नकाशा मला कळलाय.

आमच्या धबधब्याला पावसाळ्यात जा. तो दिसायच्या आधी छातीत वाजतो, मग तुषार येतात, मग झुलत्या पुलावर आल्यावर घटप्रभा खाली पडताना दिसते. त्या लिफ्टनं मला तसंच ताटकळत ठेवलं. तो वेळ कापून टाकला असता तर चांदण्या नुसत्या चांदण्या राहिल्या असत्या.


खडेबाजार, बेळगाव

जीटीए सॅन अँड्रियास या गेमला आरपीजी म्हणावं का यावर वाद घाला, पण त्यात जास्त खाल्लं की माणूस सुटतो, व्यायाम केला की दंड भरतात, गाडी चालवून चालवून हात बसतो. माझ्यासाठी तो आरपीजीच. सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये, दोघांत एक खुर्ची. त्यातल्या माउंट चिलियाड डोंगराच्या जंगलात धुक्यात बिगफूट (दंतकथेतला केसाळ रानमाणूस) दिसतो अशी बातमी शाळेत पसरली होती. आम्ही मिशन सोडून रात्रीच्या रात्री (म्हणजे गेममधल्या रात्री) झाडीत उभे राहायचो. मित्र हलक्या आवाजात म्हणायचा, "हालू नकोस बे, तिकडं काहीतरी आहे."

गेममध्ये बिगफूट नव्हताच, हे पुढं कळलं. त्या धुक्यात मात्र दहा पावलांपुढचं दिसायचं नाही, आणि दिसत नव्हतं म्हणूनच आम्ही दोन वर्षं परत परत गेलो. तो मित्र आता मस्कतला असतो. त्याला हा धागा पाठवलाय.


अथणी

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडं चार जीबीचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही. यातलं कुठलं चालेल का?


जांबोटी, ता. खानापूर

मॉरोविंड आरामात चालेल भावा. अडलास तर इथंच विचार, पण उत्तर नेटवर लगेच शोधू नकोस. सेडा नीनमधून बाहेर पडलास की पहिली दहा मिनिटं कान उघडे ठेव. आणि शंभर पानी वही आधी आण.