सेमिस्टर स्पेनमध्ये आणि वर्ग इंग्रजीत: अशाने जावं का?

शब्दवेडी
मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. एक्स्चेंजवर एक सेमिस्टर स्पेनला जाऊ का, हे विचारायला दरवर्षी मुलं येतात. माझं मत ठाम आहे, त्यावर तुमचंही ऐकायचं आहे: निदान निम्मे विषय स्पॅनिशमधून घेणार असाल तरच जा. नाहीतर ते पैसे पुढच्या शिक्षणासाठी ठेवा.

स्पेनमधली अनेक विद्यापीठं आता काही विषय इंग्रजीतून शिकवतात. त्या वर्गांत जर्मन, इटालियन, पोलिश मुलं भरपूर, स्थानिक थोडी. युरोपातल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली. तेव्हापासून युरोपात ही ये-जा इतकी रुळली आहे की बाहेरून आलेल्या मुलांचं आपसातच एक गाव वसतं. राहायला एकत्र, फिरायला एकत्र, बोलायला इंग्रजी. पाच महिने संपतात आणि मूल कॉफी मागण्यापुरतं स्पॅनिश घेऊन परत येतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अशी संधी बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळते.

जाण्याआधी बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं-वाचणं जमण्याची मधली पातळी, पूर्ण करा. शहर शक्यतो सालामांकासारखं निवडा. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं सर्वांत जुनं. सगळं शहर विद्यापीठाभोवती, कुठेही पायी जाता येतं, खोलीभाडं माद्रिदपेक्षा बरंच कमी. बार्सिलोनाच हवं असेल तर प्रत्येक विषय कोणत्या भाषेत शिकवतात ते आधी तपासा. तिथे बरेच तास कातालान या तिथल्या वेगळ्या भाषेतून होतात, आणि नुसत्या स्पॅनिशच्या भरवशावर गेलेलं मूल पहिल्याच आठवड्यात गोंधळतं.

पाना_पक्कड
अजिबात पटलं नाही. मी मेकॅनिकलचा, वालेन्सियात एक सेमिस्टर केलं, सगळे विषय इंग्रजीतून. सेमिस्टरला ३० युरोपीय क्रेडिट असतात. तिकडच्या कोणत्या विषयाच्या बदल्यात इकडचा कोणता धरायचा, हे जाण्याआधीच कागदावर ठरतं, त्यावर सह्या होतात. तिकडे एक विषय राहिला की इकडे बॅकलॉग. पास व्हायला दहापैकी पाच लागतात, आणि ते पाच सहज पडत नाहीत. अशा वेळी कंपनांची गणितं बी-वनच्या स्पॅनिशमधून सोडवायला लावणं म्हणजे मुलांच्या वर्षाशी खेळ आहे.

भाषा मला फ्लॅटमध्ये मिळाली. बाकीचे दोघे तिथलेच होते. भांड्यांची पाळी कोणाची, नारिंगी गॅस सिलिंडर लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर कोण आणणार, रात्री वॉशिंग मशीन का लावलं, यावरून रोज वाजायचं. भांडायला लागलो तेव्हा माझी भूतकाळाची रूपं आपोआप बरोबर यायला लागली. तुमची अट असती तर मी गेलोच नसतो.

शब्दवेडी
तुम्ही स्थानिक मुलांबरोबर राहिलात, तिथेच सगळा फरक पडला. बहुतेक मुलं इथून निघतानाच भारतीयांच्या ग्रुपवर खोली ठरवून टाकतात. मुख्य विषय इंग्रजीतून घ्या, हरकत नाही. पण इतिहासाचा किंवा कलेचा एखादा विषय क्रेडिटच्या हिशोबाबाहेर स्पॅनिशमधून घेता येतो. तिथे तिथल्या मुलांशेजारी बसावं लागतं, त्यांच्या वह्या मागाव्या लागतात.

कृष्णाकाठ
बाप म्हणून लिहितो. नव्वद दिवसांच्या वर राहायचं तर पर्यटकांचा व्हिसा चालत नाही, विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी दरमहा ६०० युरोंची तजवीज दाखवायची. पाच महिन्यांचे झाले ३,०००, म्हणजे आजच्या भावाने तीन लाखांच्या आसपास. शिवाय विमान, विमा, खोलीचं डिपॉझिट. माझ्या मुलीने सांगलीत बसून ऑनलाइन बी-वनपर्यंत मजल मारली. स्पॅनिशच्या पातळीचं प्रमाणपत्र देणारी डेले परीक्षा भारतात देता येते, त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. मग भाषेसाठी एवढा खर्च कशाला?

भटकी_वाट
आणि स्पेनच का? स्पॅनिश बोलणारी बहुसंख्य माणसं अटलांटिकच्या पलीकडे राहतात. ग्वातेमालातल्या आंतिग्वामध्ये एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी बसतो. अंगणात छोटं टेबल, सकाळभर नुसतं बोलणं. मान खाली घालून गप्प बसायला जागाच नाही. राहणं-जेवण एखाद्या कुटुंबात. बहुतेक घरी रविवारी स्वयंपाकाला सुट्टी, तेवढं बाहेर खायचं. खर्च स्पेनच्या मानाने फारच कमी. विद्यापीठच हवं तर मेक्सिको सिटीत उनाम या तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचं परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणारं केंद्र १९२१ पासून आहे.

पाना_पक्कड
आंतिग्वाच्या शाळेचे क्रेडिट आमचं कॉलेज धरणार नाही. सुट्टीत जायला उत्तम, सेमिस्टर सोडून नाही.

परसबाग
आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी कॉलेजच्या कार्यक्रमातून ग्रानादाला गेली होती. बरोबर सगळी अमेरिकन मुलं, वर्ग बहुतेक इंग्रजीत, पण राहायला एका आजींच्या घरी. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. मांस नको म्हटल्यावर आजी मसुरीतले चोरिसोचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) तुकडे वेचून काढायच्या आणि तीच मसूर वाढायच्या. सॅलडवर टुना असायचाच, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. शेवटी पोरगी ओट्याशी उभी राहिली आणि टोमॅटो-जिऱ्याची मसूर करून दाखवली. तिथून दोघींचं जमलं. दुपारी तीनला जेवायला बसायचं ते पाचपर्यंत गप्पा. ग्रानादा ज्या भागात आहे त्या आंदालुसियातले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, सुरुवातीला तिला काहीच उमगायचं नाही. पुढे ती स्वतःच गिळायला लागली. माझं मत पाना_पक्कड यांच्या बाजूने: घर नीट निवडा, वर्ग कोणत्याही भाषेत असू दे.

शब्दवेडी
पण अशा आजी मिळणं नशिबावर असतं. घरमालकीण बोलकी निघेल की नुसती खोली भाड्याने देणारी, हे इथून कसं कळणार? विषयांची यादी आपल्या हातात असते, म्हणून माझा भर तिच्यावर. कृष्णाकाठ, परीक्षेचं तुमचं बरोबर आहे. पण ऐकण्याच्या पेपरात माणसं एका वेळी एक बोलतात. जेवणाच्या टेबलावर सहा जण एकदम बोलतात, त्यात आपलं वाक्य घुसवण्याची सवय घरबसल्या लागत नाही. मुलीला आधी इथेच बी-टू, म्हणजे त्याच्या वरची पातळी, करू द्या. कॉलेजच्या करारात तिकडची फी माफ असेल तर पुढचा विचार करा.

कृष्णाकाठ
फी माफ आहे, राहण्या-खाण्याचं आपलं आपण बघायचं. विषयांची यादी मागवायला सांगतो, शिकवण्याच्या भाषेसकट. पण कर्ज काढून पाठवणार नाही, हे तिलाही सांगितलं आहे.