उतरत्या सीलिंगमधून लाकडाच्या स्टोव्हचं धुराडं कसं काढायचं?

व्हरमाँटकर_सांगली
हॉलला सपाट सीलिंग नाही, ते थेट छपराच्या उताराला (8/12, म्हणजे आडव्या 12 इंचांमागे 8 इंच चढ) लागून आहे. स्टोव्हची कॉलर (धूर बाहेर पडायचं तोंड) 6 इंची. स्टोव्हच्या डोक्यावर सीलिंग 13 फुटांवर, तिथून आढं आडव्या मापाने 7 फूट. वासे मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांवर, वर शिंगल (एकावर एक बसवलेले चपटे तुकडे). धुराडं छपराच्या वर किती न्यावं? आणि घरातला पाइप सिंगल वॉल (एकेरी पत्र्याचा) चालेल का?

धूरकरी
आधी उंची. छपरातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट, शिवाय 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच. तुमचं आढं 7 फुटांवर, म्हणजे भोकापासून 4 फूट 8 इंच वर. त्यात 2 फूट मिळवा: 6 फूट 8 इंच. छपरावर 5 फुटांपेक्षा जास्त गेलं की तिरके आधार लावावेच लागतात.

सिंगल वॉल नको. त्याला जळणाऱ्या वस्तूंपासून 18 इंच अंतर लागतं, डबल वॉलला बहुतेक 6 पुरतात. शिवाय 13 फूट उघड्या पाइपमध्ये धूर निवतो आणि क्रिओसोट (धुरातला डांबरासारखा, पेट घेणारा थर) धरतं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू, पाइपचं चुरमडलेलं टोक स्टोव्हकडे. उलटं लावलंत तर वितळलेलं क्रिओसोट जोडातून बाहेर ओघळतं.

वासे_मोजणारा
सीलिंगपासून वर यूएल 103 एचटी (जास्त उष्णतेसाठीचं अमेरिकी सुरक्षा मानक) शिक्क्याचीच चिमणी. 6 इंचीचा बाहेरचा व्यास साधारण 8 इंच, दोन्हीकडे 2 इंच मोकळे, म्हणजे 12. वाशांमध्ये साडेचौदा मिळतात, त्यामुळे वासा कापायची गरज नाही. उताराच्या दिशेने मात्र भोक लांबतं: आडवे 12 इंच तिथे जवळपास साडेचौदा होतात. कॉलरच्या मध्यावर ओळंबा सोडा, चारही कोपरे ओळंब्यानेच वर न्या.

सपोर्ट बॉक्स (चिमणीला सीलिंगमध्ये धरून ठेवणारी पेटी) वळचणीच्या बाजूला सीलिंगखाली किमान 2 इंच उतरला पाहिजे. बरेच जण आढ्याच्या बाजूने मोजतात आणि फसतात. बॉक्स आणि चिमणीमधल्या पोकळीत इन्सुलेशन कोंबू नका, ती हवेसाठीच आहे. आगी लागतात त्या इथूनच.

फ्लॅशिंग (भोकाभोवती पाणी अडवणारा पत्रा) 7/12 ते 12/12 उताराचं मागवा. वरची कड शिंगलखाली, खालची शिंगलवर. खालच्या कडेला सीलंट नको, आत शिरलेलं पाणी तिथूनच निघतं. स्टॉर्म कॉलरला (फ्लॅशिंगच्या वर चिमणीभोवती बसणारं कडं) मात्र उष्णता सोसणारं सिलिकॉन लावा.

व्हरमाँटकर_सांगली
दोन एल्बो (पाइपची वळणं) घालून वर 3 फूट आढ्याकडे सरकवलं तर? तिरके आधार टळतील.

धूरकरी
टळतील खरे, आढं 4 फुटांवर येईल आणि छपरावर 4 फूट 8 इंचांवर भागेल. पण प्रत्येक एल्बो ओढ कमी करतो आणि काजळीला बसायला जागा देतो. त्यापेक्षा स्टोव्हच 3 फूट आढ्याकडे घ्या. तिथे सीलिंग 15 फुटांवर येईल. एकूण उंची तेवढीच, फक्त 2 फूट पाइप थंडीतून घरात आला. आढ्याजवळ घसरत्या बर्फाचा रेटाही कमी बसतो.

वासे_मोजणारा
सहमत. फक्त सरकवताना मागच्या भिंतीचं अंतर आणि खालच्या फरशीचं माप स्टोव्हच्या मॅन्युअलमधून पुन्हा तपासा. परमिट आधी काढा. इन्स्पेक्टर येईपर्यंत बॉक्सच्या कडेची पट्टी बसवू नका, त्याला ते मोकळे 2 इंच बघायचे असतात.