गुन्हे कमी दिसले म्हणजे पोलीस ठाणं चांगलं?

प्रश्न: गेल्या महिन्यात बेस्टच्या बसमध्ये आईची पर्स ब्लेडने कापून पाकीट नेलं. कापलेली पर्स टेबलावर ठेवली, तरी हवालदार म्हणाले, "गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल." ठाण्याचं काम आकड्यांवरच मोजतात का?

उत्तर: ताई, ३१ वर्षं खात्यात काढली. क्राइम मीटिंगला आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडतात. वाढला की सीनियर पीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, जाब द्यायला उभा! मग खाली कागद हलका होतो, चोरीचं 'गहाळ' होतं. हे चूकच आहे. दखलपात्र गुन्ह्याचा (म्हणजे चोरीसारखा, ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) एफआयआर घ्यायलाच हवा, ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच सांगितलंय. नाही घेतला तर उपायुक्तांना लेखी अर्ज द्या. पर्स जपून ठेवा.

उत्तर: न्यूयॉर्कमध्ये १९९४ पासून कॉम्पस्टॅटच्या, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीच्या बैठकीत अधिकाऱ्यांना आकड्यांवर जाब विचारू लागले. गुन्हे सौम्य करून नोंदवल्याच्या तक्रारी तिथेही आल्या.

प्रश्नकर्ती: काका, मग मोजायचं काय?

उत्तर: तक्रारदाराला किती वेळ बसवलं, तपासाचं पुढे काय झालं ते कळवलं का, हे आधी. आणि पोलीस किती तास ड्युटीवर उभा आहे तेही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तेव्हा आम्हा बारा तासवाल्यांना केवढी आशा वाटली होती.